गंगूची पत्रं माझ्या अंगावर

मी एक जुना पॅड आहे. परीक्षेचा पॅड. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो! जाड पुठ्ठा, वर गुळगुळीत तपकिरी कागद आणि डोक्यावर पत्र्याचा चाप, एवढीच माझी दौलत. पण परीक्षेत माणसाचा हात कसा थरथरतो, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? असेल कोणी, तर समोर यावं.

माझा जन्म अकोल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. रद्दी भिजवली, कुटली, लगदा दाबला, वाळवला आणि कापला. त्या यातना सांगत बसलो तर तुम्ही म्हणाल, लावलं यानं रडगाणं. म्हणून गप्प बसतो. पण डोक्यावर चाप ठोकला तेव्हा मी मनातल्या मनात बोंब मारली होती, हे खरं आहे.

रिसोडच्या तारामतीच्या वडिलांनी मला तिच्या मॅट्रिकच्या परीक्षेसाठी विकत घेतलं. तारामती हुशार मुलगी. इंग्रजीत तिला पंचावन्न मार्क मिळाले, आणि ते माझ्यामुळेच मिळाले असं ती सगळ्यांना सांगायची. "माहा पॅड लय पायगुणाचा हाय," म्हणायची. मी फुगून दुप्पट झालो होतो! पुढे तिचं लग्न वाशीमच्या उत्तमचंद कापडवाल्यांच्या घरात झालं आणि तिच्या ट्रंकेच्या तळाशी मीही सासरी आलो.

सासरी कोणाला पॅड लागतो? दुकानात कापड मोजायचं, घरात पोळ्या लाटायच्या. तारामतीच्या सासूने, अंगुरीबाईंनी, एकदा ट्रंक उघडली आणि मला बाहेर काढलं. वाटलं, आता मान मिळणार. कसला मान! त्या माझ्याने सिगडीला वारा घालू लागल्या. इंग्रजीत पंचावन्न मार्क आणणारा मी, आणि कोळसे फुलवतोय! सहा वर्षं मी ते काम केलं. माझा एक कोपरा जळून काळा झाला. तारामती ते पाहायची आणि पोळ्या लाटत राहायची. तिचंही काही वेगळं चाललं नव्हतं.

मग १९७४ साली गंगू आली.

गंगू किन्हीराजाची. इंग्रजी सोडून मॅट्रिक झालेली, आणि वाशीमला मामाकडे राहून आमच्याच गल्लीतल्या दवाखान्यात पट्ट्या धुवायचं, बांधायचं काम करणारी. तिला अकोल्याला जाऊन नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं. त्यासाठी इंग्रजी येतं की नाही याची एक वेगळी परीक्षा द्यावी लागे, आणि त्या परीक्षेत सगळ्यात मोठा प्रश्न पत्राचा. त्या पत्रानेच गंगूला दोनदा नापास केलं होतं. आता तिचं वय निघून चाललं होतं. ही तिसरी खेप शेवटची. यातही नापास झाली असती, तर जन्मभर दुसऱ्याच्या पट्ट्या धुवायच्या.

एके दुपारी कापड घ्यायला म्हणून ती दुकानात आली आणि कापड राहिलं बाजूला, तारामतीसमोर रडायलाच लागली. तारामतीने आत येऊन सिगडीजवळून मला उचललं, पदराने पुसलं आणि गंगूच्या हातात दिलं. त्या दिवशी मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवसापासून दुपारी, दवाखाना बंद असताना, शिकवणी सुरू झाली. अंगुरीबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. त्या दारातूनच म्हणायच्या, "काहून वं तारा, तिले शिकवून तुले काय भेटून राह्यलं?"

तारामती मान खाली घालून म्हणायची, "काई नाई, आई. बसल्या बसल्या शिकवतो."

आता तिची शिकवायची रीत ऐका. त्या काळी आमच्याकडे सगळे असंच शिकत. "तीन पत्रं तोंडपाठ कर," ती म्हणाली. "एक तापाच्या रजेचा अर्ज, एक बहिणीच्या लग्नाचं आमंत्रण अन् एक सहलीचं. या तिनातलं एक येतेच. मले बी आलं होतं."

"पण ताई, मले बहीणच नाई," गंगू म्हणाली.

"परीक्षेत असते."

"अन् सहलीले मी कुठीच गेली नाई."

"मी तरी कुठी गेली? तू लिव्ह!"

आणि दोघी खो खो हसल्या. मी तारामतीला सासरी आल्यापासून इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

गंगू रोज ती तिन्ही पत्रं माझ्यावर कागद ठेवून लिहायची. ओल्या पट्ट्या पिळून पिळून तिच्या हातात भलतं बळ आलं होतं. बॉलपेन असं दाबायची की कागदातून अक्षर थेट माझ्या अंगावर उमटायचं. ताप, लग्न, सहल. पुन्हा ताप, लग्न, सहल. तीन महिन्यांत माझं अंग नांगरलेल्या वावरासारखं झालं. दुखायचं, पण मी कुरकुर केली नाही. इतक्या दिवसांनी कोणीतरी मला माझ्या कामाला लावलं होतं.

परीक्षेचा दिवस उजाडला. वाशीमच्याच एका शाळेत परीक्षा होती. गंगू खिडकीजवळच्या बाकावर बसली. प्रश्नपत्रिका हातात आली आणि तिने पत्राचा प्रश्न आधी वाचला. ताप नव्हता, लग्न नव्हतं, सहल नव्हती. 'तुमच्या गावातल्या एका गैरसोयीबद्दल अधिकाऱ्यांना पत्र लिहा,' असा प्रश्न होता.

तेवढ्यात पर्यवेक्षक रतनसिंग सर फिरत फिरत आले. खिडकीतून तिरपं ऊन माझ्यावर पडलं होतं, आणि त्या उन्हात माझ्या अंगावरचं एकेक अक्षर वर आलं होतं.

"हे काय आहे?" त्यांनी मला ओढूनच घेतलं.

"पत्रं हायेत, सर. पाठ करत होती, तवा उमटले."

"पॅडवर लिहून आणलं? ही कॉपी झाली. ऊठ!"

सगळा वर्ग वळून पाहू लागला. गंगू उभी राहिली. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलं, यापेक्षा मी सिगडीत जळालो असतो तर बरं झालं असतं. तिच्या मेहनतीची एकेक खूण मी प्रेमाने जपली होती, आणि त्याच खुणा तिला वर्गाबाहेर काढायला निघाल्या होत्या.

सर मात्र नुसतेच रागीट नव्हते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, माझ्यावर आडवी घासली आणि उमटलेली अक्षरं शांतपणे वाचली. मग प्रश्नपत्रिका वाचली. मग गंगूकडे पाहिलं.

"यातलं तर एकही आलेलं नाही!"

"नाई आलं, सर," गंगू म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मग याची कॉपी करून तुला काय मिळणार?" सर स्वतःशीच हसले. "बस खाली. पॅड माझ्या टेबलावर राहील. बाकावर लिही."

म्हणजे पाहा! तिनातलं एखादं पत्र आलं असतं, तर मीच तिला बुडवलं असतं. एकही आलं नाही, म्हणून ती वाचली. पण पुढे काय? मी टेबलावर पालथा पडून होतो. ती लिहितेय की नुसती बसलीय, मला काही कळत नव्हतं. तो दीड तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा होता.

दुपारी गंगू मला घेऊन दुकानाच्या मागच्या ओट्यावर आली. तारामती वाटच पाहत होती.

"कोणतं आलं?"

"तिनातलं एकबी नाई."

तारामती मटकन खाली बसली. "मीच बुडवलं वं तुले. मले तेवढंच येत होतं."

"नाई ताई, आयका तर," गंगू म्हणाली. "माह्या गावात नर्स नाई, थे लिवलं. माही वहिनी बाळंतपणात अडली अन् बैलगाडीतच गेली, थे लिवलं. नवे शब्द कुठून आणू? मंग तापाच्या पत्रातला 'फीवर' घेतला. सहलीतलं 'द रोड वॉज लाँग' घेतलं. अन् लग्नाच्या आमंत्रणातलं 'प्लीज कम' घेतलं. साहेबाले म्हटलं, आमच्या गावात नर्स पाठवा. प्लीज कम."

तारामतीने तिला पोटाशी धरलं. दोघी रडत होत्या. दारात अंगुरीबाई उभ्या होत्या. आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या आणून त्यांनी स्वतः गंगूच्या हातात दिला.

दीड महिन्याने पोस्टमन कार्ड घेऊन आला. गंगू पास झाली होती! तिची आई लिलाबाई किन्हीराजाहून शेंगांची पिशवी घेऊन आली आणि अख्ख्या गल्लीला मूठमूठ वाटून गेली. अकोल्याला जाताना गंगूने मला तारामतीला परत दिलं. मला वाईट वाटलं, पण पोरगी मार्गी लागली होती.

पुढे दोन महिन्यांनी तारामतीच्या नावाने अकोल्याहून एक पाकीट आलं. आत पत्र होतं, इंग्रजीत. वसतिगृहातली खोली, पहिलं इंजेक्शन, घाबरून बसलेला म्हातारा पेशंट, सगळं होतं. चुका होत्या, पण खरं होतं. तारामतीने ते चारदा वाचलं. मग तिने मला मांडीवर घेतलं, कागद लावला आणि पेन धरून बसून राहिली. शाळेत तिने शंभर पत्रं लिहिली असतील. पण पोस्टात टाकायचं इंग्रजी पत्र ती पहिल्यांदाच लिहीत होती. तिलाही आता तिनातलं एकही चालणार नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने एक ओळ लिहिली. मला ती अंगावर स्पष्ट कळली: मी बरी आहे, पण मलाही पुढे शिकायचं आहे.

आतून हाक आली, "तारा! चहाचं काय झालं वं?"

तारामती दचकली आणि मला बाजूला ठेवून उठू लागली. अंगुरीबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तू लिव्ह. मीच मांडतो चहा."

मित्रांनो, मी आता म्हातारा झालोय. माझा चाप गंजला, कडांचा भुगा झाला. मला फेकून दिलंत तरी माझी तक्रार नाही. एवढंच करा. तुमच्या घरात आई, वहिनी, ताई, कोणीही कागद मांडीवर घेऊन लिहायला बसलेली दिसली, तर तिला कामाला उठवू नका. एक दिवस चहा आपला आपण करून घ्या.