करकंबच्या नागूबाईचा घास

शाळेच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं काढली, शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. शिक्षकांची सेवापुस्तकं माझ्याच हाताखालून जायची. त्यामुळे कागदावरचा माणूस आणि खुर्चीवरचा माणूस यांत किती अंतर असतं, ते मला कुणी शिकवायला नको. दुःखातल्या माणसांचा गट चालवणाऱ्या हृषीकेश सरांचं माहितीपत्रक वाचलं आणि मी मनातल्या मनात शेरा मारून टाकला. पुण्याची एम.ए., बंगळुरात दीड वर्षाचं प्रशिक्षण, परदेशी संस्थेचा ऑनलाइन कोर्स, नऊ कार्यशाळा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड ग्रुप थेरपी’. वय चौतीस. एवढं सगळं शिकण्याच्या गडबडीत हा माणूस कुणाच्या मयताला तरी गेलाय का, हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी त्यांच्या गटात गेले मुलीच्या हट्टापायी. माझा गोपाळ मंगळवेढा रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी कुणाकडे जात नाही, कुणाला घरात घेत नाही, सगळ्यांना तोडून बोलते, अशी मुलीची तक्रार. तोडून मी आधीपासूनच बोलते. पण दर रविवारी फोनवर तेच ऐकायचं, त्यापेक्षा शनिवारी दोन तास खुर्चीवर बसणं परवडलं.

सात रस्त्याजवळ एका ट्रस्टचा हॉल आहे, दातांच्या दवाखान्याच्या वर. तिथे आम्ही सात जणी, सगळ्या मूल गेलेल्या. खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे स्टुलावर टिश्यूचा डबा, प्रसादाचं ताट ठेवावं तसा. सर नियम सांगायचे. एकमेकींना हात लावायचा नाही. कुणी रडलं तर टिश्यू पुढे करायचा नाही, कारण रडणारीला वाटतं की आता थांब म्हणतायत. खाणंपिणं आत आणायचं नाही. कुणाला काय आठवेल सांगता येत नाही, म्हणे. आणि मला ‘यशोदाताई’ म्हणायचे. त्यांच्या आईपेक्षा मी मोठी असेन.

नियम मला हास्यास्पद वाटले, पण ते पाळून घेण्याचं काम मीच करायला लागले. सवय जात नाही. एकीने शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवला, तर मी तिला डोळ्यांनीच खाली घ्यायला लावला.

त्यात नागूबाई होती. करकंबहून एसटीने यायची, पुतण्या खाली थांबायचा. तिची लेक प्रतीक्षा माढ्याला दिलेली. ती बाळंतपणात गेली. सासरच्यांनी फोन केला तो सगळं उरकल्यावर. त्याला दीड महिना होत आला होता आणि तेव्हापासून नागूबाईने भाकरी तोंडात घातली नव्हती. चहा, बिस्कीट, एखादं केळं, एवढ्यावर ती जगत होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. महिनाअखेरपर्यंत जेवली नाही तर दाखल करून नाकातून नळी घालणार, असं सरकारी डॉक्टरांनी पुतण्याला सांगितलं होतं.

दोन शनिवार ती गप्प बसली. तिसऱ्या शनिवारी बोलली.

“मला कुणी कडू घास दिला न्हाय.”

खोलीतल्या सगळ्या जणींना कळलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचं, भावकीतलं कुणीतरी पिठलं-भाकरी करून आणतं आणि समोर बसून पहिला घास खायला लावतं. तो खाल्ला की पुढचं जेवण सुरू होतं. पण प्रतीक्षा माढ्यात गेली, माती तिकडची, म्हणून घासही तिकडे गेला. करकंबात प्रत्येकीला वाटलं की हे घर काही मयताचं नव्हे. उंबऱ्यात बसून नागूबाई डबा येण्याची वाट बघत राहिली. मागून घ्यायची ती गोष्ट नव्हे.

सर पुढे झुकले. आवाज मऊ केला. “नागूताई, हे तुम्ही इथे ठेवलंत, त्यासाठी धन्यवाद. हे शरीरात कुठे जाणवतंय?”

“पोटात.”

“पोटात नेमकं काय जाणवतंय?”

“भूक,” नागूबाई म्हणाली.

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मी स्वतः पाहिलं. मग म्हणाले, “या प्रथेविषयी मी वाचून येतो.” मला इतका तिटकारा आला की घरी येईपर्यंत मी रिक्षावाल्याशीही भांडले.

पुढच्या शनिवारी सकाळी मी पिठलं केलं, ज्वारीच्या चार भाकऱ्या थापल्या आणि डबा घेऊन गेले. सर्वांसमोर तो नागूबाईच्या मांडीवर ठेवला.

“यशोदाताई, आपला नियम...”

“नियम ग्रुपसाठी आहे, सर. तुम्ही दहा मिनिटं बाहेर जा. तुम्ही नसलात की ग्रुप नाही, नुसत्या बायका बसल्यात.”

बत्तीस वर्षं नियमांतूनच वाट काढली आहे मी. सर घड्याळाकडे बघत राहिले, मग म्हणाले, “मी सव्वाअकराला सुरू करतो.” वही खुर्चीवरच ठेवून ते बाहेर गेले आणि दार हळू लोटून घेतलं.

नागूबाईने डबा उघडला. वास घेतला. हात काही घालेना.

“बाई, तुमचा पोरगा गेला तवा तुमी खाल्ला व्हता का घास?”

मी हो म्हणणार होते. पण तिच्या त्या मनगटाकडे बघून खोटं बोलवेना.

“आणला होता. आमच्या शाळेचा शिपाई हरिदास. त्याच्या बायकोने करून दिला होता. पायऱ्या चढून आला, डबा दोन्ही हातांत धरून उभा राहिला. मी दारातून सांगितलं, आमच्यात तेरा दिवस बाहेरचं चालत नाही.”

“मग?”

“खोटं होतं. आदल्याच दिवशी मी हॉटेलातली इडली मागवून खाल्ली होती. त्याची जात बघून त्याच्या घरचं मला नको होतं.”

कुणीतरी मला बोल लावायला हवा होता. मी एखादीला पकडून भांडले तरी असते. हरिदास त्या दिवशी ‘बरं बाई’ म्हणाला होता आणि तोच डबा घेऊन परत उतरला होता. त्याच्यानंतर माझ्या दाराशी डबा घेऊन कुणी आलं नाही. दोन वर्षं मी सगळ्या जगाला नावं ठेवत बसले होते, त्या सरांना तर पहिल्या दिवसापासून, आणि दार लावून घेणारी मीच होते. मला माझी किळस आली.

नागूबाईने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला. “मी बी तसल्याच समाजाची हाय,” ती म्हणाली. “घेताव का?”

इतक्या दिवसांच्या उपाशी हाताने तिने तो तुकडा माझ्या तोंडापुढे धरला होता.

मी खाल्ला. पिठल्यात मीठ घालायचं मी विसरले होते. रडायला लागले ते थांबेना. शेजारच्या बाईने पाठीवर हात ठेवला, मी तो काढायला लावला नाही. दार उघडून सर आत आले. सव्वाअकरा झाले असणार. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि स्टुलावरचा टिश्यूचा डबा उचलून माझ्या पुढे केला. मग वही उचलली आणि ती न उघडता खाली बसले.

“आता मला भरवा,” नागूबाई म्हणाली.

मी भाकरी मोडली.