टाकीवरचा शेंदूर

सहादेव भगताने डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत तोंड घालून लांब फुंकर मारली आणि याकोब ड्रायव्हरला हँडल फिरवायला सांगितलं. मेल्यासारखं पडलेलं इंजिन धडधडायला लागलं. शाळेपुढच्या पटांगणात जमलेल्या माणसांनी हात जोडले. भगताने झाकण लावलं, त्यावर तेलात कालवलेला शेंदूर पुन्हा थापला आणि अंगठ्याने नीट दाबून बसवला.

"विंग्रजी देव हाय ह्यो," तो म्हणाला. "ह्याला आपली भाषा कळत न्हाई. म्हनून फुंकरीनं बोलावं लागतं."

"मग काय म्हनतोय त्यो?" काकासाहेब पाटलांनी विचारलं.

"म्हनतोय, हितं एक बाई हाय. तिची सावली हाय तवर मी जळनार न्हाई."

त्याने कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. तरी सगळ्या माना मनकर्णाकडे वळल्या.

बहात्तर सालच्या दुष्काळातली ही गोष्ट. काष्टीपासून आत, आडरानातल्या एका गावात मी शाळामास्तर होतो. मिशनचा फिरता दवाखाना मोतीबिंदूची ऑपरेशनं करायला आमच्याकडे आला होता. दवाखाना म्हणजे एक लांबलचक मोटार. पुढच्या भागात डॉक्टर एलिझाबेथबाई आणि नर्स लिडिया यांच्या झोपायच्या फळ्या, स्टोव्ह, पाण्याचं पिंप. मधे ऑपरेशनचं टेबल. आणि मागच्या पत्र्याच्या कप्प्यात डिझेलचा जनरेटर, कारण गावात वीज नव्हती. पहिल्याच दिवशी बायकांनी रीतीप्रमाणे त्या यंत्राची पूजा केली. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. शेंदूर भगताने लावला.

त्यानंतर यंत्र बंद पडायला लागलं. सुरू करावं, थोडा वेळ नीट चालावं, मग दिवा पिवळा पडावा आणि विझावा. याकोबने डिझेलची गाळणी धुतली, नळ्यांतली हवा काढली, टाकी उघडून डिझेल पाहिलं. डिझेल भरपूर होतं. झाकण लावून चालू केलं की चाले, पुन्हा विझे. याकोब ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसून डोकं धरी. तेवढ्यात भगत येऊन झाकण उघडे, फुंकर मारी, आणि इंजिन लागे.

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशनं थांबवली. "डोळा उघडलेला असताना दिवा गेला, तर तो डोळाही गेला," त्या मला म्हणाल्या.

मनकर्णा विधवा होती. तिची सासू छबूबाई भगताच्या अंजनाने एका डोळ्याने कायमची आंधळी झाली होती. दुसऱ्यात मोतीबिंदू होता. "अंजन घालू नगा, मोटारीत जा," असं मनकर्णा पाण्यावर आलेल्या बायांना उघड सांगत असे. एवढाच तिचा गुन्हा.

त्या दुपारी भगताने निवाडा सांगितला. तेल उकळायचं. त्यात लोखंडी कडं टाकायचं. मनकर्णाने ते हाताने काढायचं. हात भाजला नाही तर ती निर्दोष; भाजला तर तिने तसंच गावाबाहेर चालू लागायचं.

मी पुढे झालो. "पाटील, हे बरोबर नाही. कायद्यानेही..." माझा आवाज इतका बारीक निघाला की शेजारच्या माणसाने विचारलं, "काय म्हनता, मास्तर?"

"तुमी पोरांना शिकवा," पाटील म्हणाले. रागावून नाही, अगदी समजुतीच्या सुरात. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मोटारीसमोर तीन दगडांवर कढई चढली. लोक आपापल्या घरून लाकडं घेऊन आले. कुणी आरडाओरड करत नव्हतं. मनकर्णा शाळेच्या भिंतीला टेकून, पदरात दोन्ही हात गुंडाळून बसली होती. इंजिन पुन्हा विझलं होतं.

मी मोटारीत गेलो. उन्हाने आणि उपासाने मलूल झालेल्या छबूबाईला सलाईन लावलं होतं. काचेच्या बाटलीतले थेंब थांबले होते. लिडियाने नळी पाहिली, हातातली सुई पाहिली, मग बाटलीच्या रबरी बुचातली दुसरी, मोकळी सुई काढून फेकली आणि नवी खुपसली. बाटलीत बुडबुडे आले. थेंब पडायला लागले.

"ती सुई कशाला?" मी विचारलं.

"हवेसाठी. पाणी खाली उतरलं की त्याच्या जागी हवा आत यावी लागते. नाही आली तर पाणी बाटलीतच अडकतं." ती बोलता बोलता थांबली. तिने बाटलीकडे पाहिलं, मग मागच्या कप्प्याकडे. "याकोबकाका," तिने हाक मारली, "आपल्या टाकीत हवा कुठून जाते?"

"झाकणाला बारीक भोक असतं की," याकोब म्हणाला, आणि त्याचा चेहराच बदलला.

लिडिया सुई घेऊन खाली उतरली. भगत आडवा आला. "बाई, हात लावू नगा. भस्म व्हाल."

"काकांनी किती वेळा लावलाय. ते कुठे भस्म झालेत?" ती म्हणाली आणि शेंदूर खरवडायला लागली. आत पक्की गुठळी बसली होती. ती सुईने टोकरल्यावर भोक मोकळं झालं. याकोबने हँडल मारलं. इंजिन चालू झालं आणि चालूच राहिलं. कढईतून धूर निघायला लागला तरी चालूच होतं.

"सुईत मंतर हाय तिच्या," भगत म्हणाला. "बाई हितनं हालली की बगा."

"बरं," लिडिया म्हणाली. "मनकर्णाबाईंना शाळेत आत बसवा. म्हणजे सावली नको. पाटील, तुम्ही इकडे या. या भोकावर अंगठा दाबून धरा. उचलू नका."

पाटलांनी अंगठा ठेवला. बराच वेळ काहीच झालं नाही. तेलाला उकळी आली. भगत हसला. मी मनात म्हणत होतो, आपण चुकलो; मला नेहमी असंच वाटतं. मग इंजिनाचा सूर उतरला. मोटारीतला दिवा पिवळा झाला, लाल झाला, गेला.

आता नुसतं तेल ऐकू येत होतं.

"पाटील," लिडिया म्हणाली, "दिवा तुम्ही विझवलात. कढईत हात कोण घालणार?"

पाटलांनी चटका बसल्यासारखा अंगठा उचलला. सुस्स करून हवा आत गेली; पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकली. याकोबने हँडल मारलं आणि दिवा लागला.

मोटारीतून छबूबाईचा आवाज आला. "सहादेवा, आप्पासाहेबांच्या मळ्यातल्या हिरीवर इंजन चालवायला तूच हुतास न्हवं? तवा रं कुटं लावायचास शेंदूर?"

भगताच्या अंगठ्याला शेंदूर होता; तो धोतराला पुसायला लागला. पाटील ते पाहत राहिले. "लाकडं वडा," ते शेवटी म्हणाले, आणि दोघा-तिघांनी जळती लाकडं ओढून मातीत विझवली.

त्यात करणी नव्हती, देव नव्हता. झाकण बंद, भोक बंद, म्हणून हवा नाही. हवा नाही म्हणून डिझेल उतरत नाही. फुंकर मारायला झाकण उघडलं की हवा जाई. शेंदूर थापला की अडे. यंत्रातलं मला फार कळत नाही, पण एवढं मीही डोळ्यांनी पाहिलं.

छबूबाईचं ऑपरेशन झालं, पण दुसऱ्याच दिवशी दिसायला लागलं असं काही झालं नाही. पट्टी सुटायला वेळ लागला. सुटल्यावर तिने सुनेचे दोन्ही हात हातात घेऊन उजेडात उलटसुलट करून पाहिले.

त्या गर्दीत दुष्ट माणूस फार तर एक होता. बाकीचे माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप होते, आणि लाकडं त्यांनीच आणली होती. म्हणून हे लिहिलं. बंद पडलेल्या गोष्टीला कारण असतं. ते कारण त्या गोष्टीतच शोधावं, शेजारच्या बाईत शोधू नये. कळलं नाही तर कळलं नाही म्हणावं, कुणाला तरी विचारावं. आणि कढई चढवणारा म्हणाला, "विचारायला वेळ नाही," तर आधी कढई उतरवावी.