दुसरा फेरा

“दत्ता, उजवीकडून काढ रे! सगळे तसेच जातत,” कंडक्टर सहदेव मागून ओरडला.

दत्तारामने बस डावीकडेच घातली. अंधेरीच्या त्या नाक्यावर मधोमध नवं सर्कल नुकतंच बांधलं होतं. उजवीकडे वळायचं असलं तरी डावीकडून पुरता वळसा घ्यायचा, असा हुकूम होता. ट्रकवाले, टांगेवाले शिव्या घालत आणि खुशाल जवळच्या बाजूने घुसत.

पुढ्यात एक सायकलवाला थबकला होता. कुठून जावं ते त्याला उमगेना. दत्तारामने बस थांबवली, खिडकीतून हात काढून वळसा दाखवला. “जा, तुम्ही आधी जा.”

सायकलवाला हसला, निघाला. पलीकडून उलट्या बाजूने ट्रक आला आणि तो त्याखाली गेला.

चौकशीत दत्तारामवर काही ठपका आला नाही. त्याने दाखवलेली वाट बरोबरच होती. पण तेव्हापासून सर्कल जवळ आलं की त्याचा हात जड होई. वळणावर तो माणूस पुढे सायकल मारताना दिसे, आणि मोकळ्या रस्त्यात दत्ताराम कचकन ब्रेक दाबी. विमलाने नवऱ्यावरून नारळ उतरवून टाकला. फरक पडला नाही.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी, बस सुटायच्या आधी, एक बाई ड्रायव्हरच्या मागच्या जाळीपाशी येऊन बसल्या.

“तुम्हीच दत्ताराम ना? मी कुंदा. ते सायकलवाले... त्यांची बायको.”

“बाई, मीच त्यांना जा म्हटलं.”

“माहीत आहे मला. त्यांच्यासाठी कोणीतरी थांबलं तरी.” मग हळूच म्हणाल्या, “ती जागा दाखवाल? मी अजून या रस्त्याने आलेच नाही.”

सर्कल आलं. दत्तारामने वेग कमी केला. “इथे.”

बस पुढे सरकली, तसा मागून आवाज आला, “डोळेच मिटले गेले हो. बघायचं राहिलं. परत एकदा जाल?”

आपला रस्ता सोडून त्याने बस पुन्हा सर्कलभोवती घातली.

“अरे, ह्यां काय करतंस? पॅसेंजर बोंबलतत!” सहदेव धावत पुढे आला.

त्या जागी बस जवळजवळ उभीच राहिली. मागे हॉर्न वाजू लागले. आरशात त्याला कुंदाबाई दिसल्या. त्या बघत होत्या.

“चला,” त्या म्हणाल्या.

पुढच्या स्टॉपवर त्या उतरल्या. सहदेवने दोनदा घंटी मारली. त्या रस्ता ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत दत्तारामने बस हलवली नाही.