डाव्या हाताचा माऊस

जयाने माऊसची वायर कीबोर्डच्या मागून ओढून घेतली आणि माऊस डावीकडे ठेवला. शेजारच्या टेबलावरची समिधा बघतच राहिली.

"ताई, सर तुम्हाला आजपासून फायलिंगला बसवणारेत ना? बोलले नाहीत का?"

"बोलले की. मी हो कुठे म्हटलंय?"

डोंबिवलीतल्या या आर्किटेक्टच्या ऑफिसात जया बावीस वर्षं नकाशे काढत होती. पाच महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा हलका झटका आला. चालणं-बोलणं सावरलं, उजवा हात मात्र सावरला नाही. डॉक्टर नुसतं 'बघू' म्हणाले, तेव्हाच ती काय ते समजली. शहाडच्या घरी जुन्या कॉम्प्युटरवर तिने दोन महिने डावा हात घोटवला. सुरुवातीला बाण पडद्यावर सैरावैरा पळायचा. दोनदा क्लिक करायला जावं, तर दुसरी क्लिक भलतीकडेच पडायची. एका दुपारी ती रडलीही. मग डोळे पुसून तिने माऊसची सेटिंग उघडली आणि या हाताला काय झेपतं ते एकेक करून शोधून काढलं.

तेच तिने आता इथे केलं. मुख्य बटण उजवं केलं, म्हणजे डाव्या हाताचं पहिलं बोट त्यावर येतं. बाणाचा वेग मध्यापासून तीन घरं खाली आणला. डबल क्लिक अगदी सावकाश ठेवली. चाचणीसाठीच्या छोट्या फोल्डरवर दोन टिचक्या मारल्या. फोल्डर उघडलं. पुन्हा मारल्या, मिटलं.

तेवढ्यात तिचा साहेब, देवेश, आत आला.

"जयाताई, हे काय? विठ्ठलवाडीचा प्लॅन चारला महापालिकेत द्यायचाय. समिधा करेल तो."

"तिच्याकडे वरचे दोन मजले आहेत, सर. खालचा जिना आणि पार्किंग मला द्या."

"तुमच्या चांगल्यासाठीच बोलतोय. उगाच दगदग नको."

"दगदग घरी बसून झाली माझी. तीनपर्यंत नाही झालं, तर मी आपणहून उठते फायली लावायला."

देवेशने घड्याळाकडे पाहिलं आणि खालच्या मजल्याची फाईल जयाकडे पाठवायला समिधाला सांगितलं. ते तिला पुरेसं होतं.

पहिल्या पायरीला सहा मिनिटं लागली. पूर्वी तेवढ्यात अख्खा जिना व्हायचा. आकडा टाकायचा म्हटलं की माऊस सोडावा लागे, मग पुन्हा धरायचा. पण रेघ जिथे हवी तिथेच पडत होती. जेवणाची वेळ झाली तरी तिने डबा उघडला नाही. मध्येच ती समिधाच्या पडद्याकडे वळून म्हणाली, "दुसऱ्या मजल्याला तुझी एक पायरी कमी पडलीये गं. उंची जुळत नाही बघ."

समिधाने मोजलं. खरंच कमी होती.

तीनला दहा मिनिटं असताना जयाने देवेशला हाक मारली. त्याने उभ्याउभ्या सगळा प्लॅन पाहिला आणि प्रिंट द्यायला माऊस धरला. क्लिक केलं, तर भलताच मेनू उघडला.

"डाव्या हाताचा आहे तो," जया म्हणाली. "द्या इकडे."

तो बाजूला झाला. "जयाताई, उद्या मोहने गावातल्या इमारतीचं काम येतंय," तो म्हणाला. "तेही तुम्हीच घ्या."

प्रिंटरमधून आलेला लांबरुंद कागद टेबलावर पुन्हा पुन्हा गुंडाळला जात होता. जयाने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, कागदाच्या कोपऱ्यावर वजनासारखा ठेवला आणि पेन्सिल घेऊन मापं तपासायला लागली.