अर्धं बुजलेलं तळं

मी हॅलेटांच्या शेतातलं तळं बोलतोय. जरा दबकतच बोलतोय, कारण यंत्राची घरघर ऐकली की अजूनही माझं पाणी शहारतं.

इंग्लंडातल्या या गावी हॅलेटांच्या पणजोबांनी मला गुरांसाठी खोदलं. पुढे शेतात नळ आला आणि गुरांनी माझ्याकडे पाठ फिरवली. मी शेवाळलो. पण मग चतुर आले, पाठीवर तुरा मिरवणारे पाणसरडे आले. शेजारच्या विनिफ्रेडबाई रोज कुत्र्याला घेऊन यायच्या आणि काठावर बसून सुनेच्या तक्रारी सांगायच्या. बरं चाललं होतं.

मग शेत एका बिल्डरला विकलं गेलं. तिथे घरं होणार होती. काउन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, अट अशी, की बांधकामानंतर तिथला निसर्ग आधीपेक्षा निदान दहा टक्के सरस झाला पाहिजे. आधी काय काय आहे ते मोजायला काउन्सिलच्या इमोजेनबाई यायच्या होत्या. मला वाटलं, वाचलो!

पण त्याच सकाळी बिल्डरचा मुकादम पग डंपरवाल्याला म्हणाला, "तळं दिसलं तर नवी तळी खोदत बसावं लागेल. ती बया यायच्या आत बुजव."

पहिला भराव अंगावर पडला. विटा, माती, काँक्रीटचे तुकडे. पाणी गढूळलं, तळाशी पाणसरड्यांची अंडी चिरडली गेली. मला ओरडता येत नाही हो! दुसरा डंपर मागे सरकू लागला, तेवढ्यात विनिफ्रेडबाई धावत आल्या आणि बुटांसकट थेट माझ्यात उतरल्या.

"आजी, बाहेर या!" पग किंचाळला.

"आजी असेन माझ्या नातवंडांची! टाक, माझ्यावरच टाक!"

डंपरवाल्यानं इंजिन बंद केलं. बाई थंडीनं कुडकुडत होत्या, पण हलल्या नाहीत. इमोजेनबाई पोचल्या तेव्हा त्या तशाच उभ्या.

"जुना खड्डा आहे, मॅडम," पग म्हणाला.

"खड्ड्यात आजी कधीपासून उगवायला लागल्या?" इमोजेनबाईंनी त्यांना हात देऊन वर घेतलं. "विमानातून काढलेले फोटो आहेत आमच्याकडे. तळं होतं तसंच धरून मोजणार. आणि हा भराव तुम्हीच उपसणार."

भराव उपसला. पलीकडे नवं तळं खोदलं, काटेरी झुडपांचं कुंपण लावलं. घरं उभी राहिली. पाणसरडे मात्र थोडेच परतले.

तीस वर्षं मला जपायचं, असं बिल्डरनं लिहून दिलंय. पण इमोजेनबाई दुसऱ्या गावी गेल्या. विनिफ्रेडबाईंचे गुडघे आता काठापर्यंत येऊ देत नाहीत. परवा कुणीतरी हौसेनं माझ्यात सोनेरी मासे सोडले. दिसायला गोड, पण ते पाणसरड्यांची अंडी खातात. रोज थोडी थोडी. मला कळतंय, थांबवता येत नाही.

बाबांनो, नुसतं लिहून ठेवू नका. अधूनमधून येऊन माझ्या पाण्यात डोकावा. अंडी अजून थोडी शिल्लक आहेत.