बाहेरची कडी

शशिकांतने निवृत्तीच्या कानाखाली वाजवली तेव्हा नीता त्या कडीला हात लावून उभी होती. आवाज असा निघाला की पलीकडे पत्रा कापणाऱ्यांनी मशीन थांबवून मान वर केली. निवृत्ती भिंतीवर आपटला, ओठाचं रक्त बाहीला पुसलं आणि म्हणाला, "तुम्हीच लावाय सांगितली व्हती, शशीभाऊ."

त्यावर दुसरी बसली.

भांडण म्हटलं तर एवढ्याशा कडीचं. दोहाजवळच्या बिरकत अल अवामेरच्या त्या कारखान्यात मजुरांच्या केबिन बनायच्या. वर्ल्डकप महिन्यावर आलेला, त्यामुळे पाहुण्यांच्या केबिनचीही घाई उडाली होती. नीताच्या ऑफिसला फुटबॉलचं काही देणंघेणं नव्हतं. दक्षिण ध्रुवाकडे संशोधनाला जाणाऱ्यांची सोय लावणं हे तिचं काम: तंबू, शेगड्या, इंधन, सुका शिधा. यंदा वसईच्या डॉक्टर क्रिस्टी आणि त्यांचे तीन सहकारी तिथल्या संशोधन-स्टेशनपासून दोन दिवसांच्या वाटेवर, उघड्या बर्फावर राहून खोल बर्फाचे नमुने काढणार होते. त्यांची झोपडी इथे बनत होती, कारण शीतगृहाच्या जाड भिंती हाच कारखाना करायचा. आठवड्यात कंटेनर निघाला तर केपटाऊनला जहाज गाठणार. नाही तर गेलं वर्ष. क्रिस्टीबाईंनी या एका मोसमासाठी किती दारं ठोठावली होती ते नीताला ठाऊक होतं.

आणि त्या झोपडीला कडी होती ती बाहेरून. आतून नुसती मूठ.

"ही कशाला?" नीताने सकाळी विचारलं होतं.

"समद्याच केबिनला आसती, ताई," निवृत्ती म्हणाला. तो जिंतूरकडचा, फिटर. "मुकादमाला बाहेरून लावाय बरी पडती."

कारखान्याच्या हाताला वळणच तसं पडलेलं; ध्रुवावरची झोपडी म्हटली तरी हात त्याच जागी भोकं पाडत होता. "अहो, तिथे वादळ सुटलं आणि कडी आपोआप पडली तर आतली चारही माणसं गेली. उघडायला शेजारी कोण येणार, पेंग्विन?"

निवृत्ती हसला. त्याचं हसणं शशिकांतने ऐकलं. गिऱ्हाइकासमोर आपलं काम हसण्यावारी नेतो म्हणजे काय! शशिकांत मालवणचा, मुकादम झाल्यापासून त्याचा हात जिभेच्या आधी चालायचा.

"मारू नका त्यांना," नीता मधे येत म्हणाली. तिचा आवाज मुळातच हळू. देवापुढेही ती पुटपुटल्यासारखी बोलायची. त्या दिवशी संकष्टी, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"मॅडम, तुम्ही एसीत बसा. ह्या पोरांका अशीच भाषा समाजता." मग त्याने निवृत्तीकडे बोट केलं. "जा आत. हीटरची टेस्ट तूच देतलंस."

टेस्टची रीत साधी होती. झोपडी मोठ्या शीतखोलीत उभी केलेली, खोलीत उणे पंचवीस. एकाने झोपडीत हीटर लावून बसायचं, दुसऱ्याने बाहेर राहून लक्ष ठेवायचं. बाहेरचं माणूस म्हणजे नीता. पण निवृत्ती आत गेला न गेला तोच गेटवर आरडाओरडा सुरू झाला. एका कंत्राटदाराची माणसं ट्रेलर घेऊन आली होती आणि क्रिस्टीबाईंच्या झोपडीचे छताचे राखीव पॅनल उचलत होती. "खलास, मॅडम, मॅच के लिए चाहिए," म्हणत एकाने तिला खांद्याने ढकललं. ती पडली, कोपर सोलवटलं, उठली आणि ट्रेलरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दाबला, गाडी हातभर पुढे आणली. ती हलली नाही. मॅनेजर धावत येऊन कंत्राटदाराच्या माणसाशी अरबीत कडाडला तेव्हा कुठे पॅनल खाली उतरले.

ती परतली तर शीतखोलीचा दिवा बंद, आणि शशिकांत दाराशी खुर्ची टाकून चहा पीत बसलेला.

"टेस्ट पास. सही करा."

"निवृत्ती कुठे आहे?"

"जेवूक गेलो."

नीताने दिवा लावून दाराच्या काचेतून पाहिलं. झोपडीबाहेरच्या, हीटरला गॅस देणाऱ्या टाकीचा नळ आडवा होता. बंद. आणि कडी घातलेली.

"शशिकांत, तो आत आहे."

"जरा थंड होऊ दे त्याका. डोका तापलेला हा." तो हसला. "हॉटेल फाइव्ह स्टार, मॅडम."

ती आत धावली. सुती पंजाबी ड्रेसवर. थंडीने श्वास असा छाटला की तोंडातलं देवाचं नाव अर्ध्यातच राहिलं. कडीला हात लावला तर कातडीच चिकटली. ओढला तर सालपट तिथेच राहिलं. आत अडकलेल्या माणसाच्या श्वासाची वाफ फटीत गोठून कडी जागच्या जागी बसली होती. जाड भिंतीतून आवाज येत नव्हता, पण दारावर कान टेकला तेव्हा आतून कुणीतरी काहीतरी खरवडतंय ते कळलं.

अवजारांच्या पेटीत बर्फ फोडायचा हातोडा होता. तिने तो घेतला. मागून शशिकांतने तिची वेणी धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. "भिंत फुटली तर भरपाई तू देतलंस?" डोळ्यापुढे पांढरं झालं. दुसऱ्यांदा आपटण्याआधी तिने न पाहता हातोडा मागे फिरवला. तो त्याच्या जबड्यावर बसला. ओल्या लाकडाला कुऱ्हाड लागावी तसा आवाज झाला, आणि शशिकांत तोंड धरून खाली बसला. बोटांमधून रक्त आलं आणि फरशीवर पडून बघता बघता गोठलं.

नीताने कडीवर घाव घातले. दोन, तीन. कडी वाकली, सुटेना. खरवडणं थांबलं होतं.

दारात फोर्कलिफ्टचा उस्मान उभा होता. त्याने एका नजरेत सगळं पाहिलं.

"मॅडम, दीवार तोड़ दूँ?"

त्या भिंतीसाठी चार महिने गेले होते. तसली दुसरी भिंत दोहात कुणाकडे नव्हती, आणि आठवड्यात कुणी करून देणार नव्हतं. नीताला क्रिस्टीबाईंचा चेहरा दिसला, क्षणभरच.

"तोड़ो. दरवाज़े से दूर वाले कोने से, वो दरवाज़े के पास होगा."

फोर्कलिफ्टचे दोन्ही दात भिंतीत घुसले. पत्रा किंचाळला, आतला पिवळा फोम चिंधड्या होऊन उडाला, छत एका अंगाला कललं. उस्मानने गाडी मागे घेतली तशी भिंतीची अर्धी बाजू सोबत उपटून आली. निवृत्ती दाराशी गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. दाराच्या आतल्या बाजूला रक्ताच्या रेघा होत्या, आणि त्याच्या बोटांना नखं उरली नव्हती. बोटं मेणासारखी पांढरी.

त्याला बाहेर उन्हात आणलं तेव्हा तो डोळे उघडून शशिकांतकडेच बघत होता. मग लटपटत उठला. बोटं वळत नव्हती म्हणून नीताने खाली टाकलेला हातोडा दोन्ही मनगटांमध्ये धरला आणि त्याच्यावर चालून गेला. शशिकांतही बाहेर येऊन भिंतीला टेकून तोंडातला दात शोधत होता; पळायचंही त्याला सुचलं नाही.

नीता दोघांमध्ये शिरली. घाव तिच्या खांद्यावर बसला, जोर नसलेला, तरी ती कळवळून वाकली.

"सरका, ताई. ह्याला आज सोडत न्हाई."

"मारलात तर तुम्ही आत जाल, तो दवाखान्यातून घरी जाईल," ती म्हणाली. "मी मारलंय त्याला. माझं मी सांगते."

पोलिस आले तेव्हा तिने तेच सांगितलं. कडी दाखवली, नळ दाखवला, हातोडा दाखवला. "हा मी मारला." शशिकांत सुजल्या तोंडाने चूक झाली, मस्करी होती, असं काहीबाही बोलत होता. अधिकाऱ्याने शीतखोलीला सील लावलं. उरलेल्या भिंती, छत, हीटर, सगळं पुरावा म्हणून आतच राहिलं.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात क्रिस्टीबाईंचा फोन आला. "झाली का गं टेस्ट? जहाजाचा एजंट विचारतोय."

"झोपडी येणार नाही, क्रिस्टीताई. मी तोडायला लावली." तिने सगळं सांगितलं, कुठे थांबली नाही.

"मला आता तुझ्याशी बोलवत नाही, नीता," क्रिस्टीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मोसम गेला होता. त्यांना परत मागून मिळेल की नाही, कुणीच सांगू शकत नव्हतं.

आत परिचारिकेने निवृत्तीचे हात कोमट पाण्यात धरले होते. गोठलेल्या बोटांत रक्त परतायला लागलं तशी त्याची पाठ कमानीसारखी ताठली आणि तो गुरासारखा ओरडला. सोडा म्हणाला, आईवरून शिव्या दिल्या, लाथ मारून स्टूल उलथवलं.

"पकड़िए इनको," परिचारिका म्हणाली. "दर्द हो रहा है, मतलब उँगलियाँ ज़िंदा हैं. निकालने मत दीजिए."

नीताने सोललेल्या हातांनी त्याची कोपरं घट्ट धरली आणि सगळा भार देऊन त्याचे हात पाण्यात दाबून ठेवले.