कोरड्या तळ्यातला साक्षीदार

उभा राहून राहून दमलोय, म्हणून आज बोलतोय. मी एक मातीचा खांब आहे. मला कुणी बांधलेलं नाही. चारी बाजूंची जमीन खणून नेली आणि मला तेवढं मधोमध सोडलं, इतकीच माझी जन्मकथा.

तळं खणताना असे खांब मुद्दाम राखतात. जमीन मुळात कुठवर होती हे आमच्या डोक्यावरून कळतं, आणि किती माती निघाली हे आमच्या उंचीवरून; खणणाऱ्याचे पैसे त्यावरच ठरतात. मजूर आम्हाला साक्षीदार म्हणतात. दोन्ही पक्षांनी मिळून माप घेतलं की आम्हालाही कुदळ लावायची आणि तळ्यात पाणी सोडायचं. फार तर पंधरवड्याचं आयुष्य. मी इथे तिसरा उन्हाळा बघतोय.

पूर्वी मी गावाच्या गायरानाचा तुकडा होतो. डोक्यावर हरळी होती, शेळ्या चरायच्या. मग तळं मंजूर झालं. खणण्याआधी सरकारी इंजिनिअर विद्यासागर आणि खोदाईचं कंत्राट घेतलेला गुत्तेदार जंगय्या यांनी सोबत येऊन जमीन मोजायची, खोदाईबाहेर एक दगड रोवून त्यावर जमिनीच्या पातळीची खूण करायची, असं करारातच होतं. पण पहिली कुदळ मारायला पुढारी येणार होते. मांडव, हार, माइक यांच्या धावपळीत मोजणीचं 'नंतर बघू' झालं. माणसांचं हे 'नंतर बघू' मला फार जड गेलं.

खणून झाल्यावर जंगय्या म्हणाला, इथे चांगला उंचवटा होता. विद्यासागर म्हणाले, कसला उंचवटा, सपाट माळ होता. माझे सोबती खांब पहिल्याच पावसात ढासळले होते. उरलो मी एकटा. विद्यासागरांनी एक दिवस एकट्यानेच येऊन माझी उंची लिहून नेली. मला न बोलावता घेतलेल्या मापावर मी सही करणार नाही, असं जंगय्याने कळवलं. प्रकरण लवादाकडे गेलं आणि वरून हुकूम आला: निकाल लागेपर्यंत खांबाला हात लावू नये, तळ्यात पाणी सोडू नये. कालव्याच्या तोंडावर मातीची पोती रचली.

त्यात भरडली गेली ती लच्छव्वा. तिचा नवरा राजलिंगू मासे धरणारा. नव्या तळ्याच्या भरवशावर त्याने जाळं विणून ठेवलं होतं. पावसाचं साचलेलं मुरून जाई, तळं कोरडंच राहिलं, तेव्हा जाळं खुंटीला लावून तो हैदराबादला वॉचमन म्हणून गेला. पाणी आलं की येतो, असं सांगून गेला.

ती दर रविवारी बांधावर येऊन बसायची. आमच्याकडे प्रत्येक तळ्याच्या बांधावर मैसम्मा असते, पाणी राखणारी आई. या बांधावर तिची स्थापनाच झाली नव्हती. लच्छव्वाने इकडेतिकडे पाहिलं, तर उभा दिसलो मी. तिने मला शेणमातीने लिंपलं, हळदीकुंकू लावलं, कडुनिंबाची डहाळी खोवली. आषाढात मैसम्माच्या सणाला गावच्या बायका डोक्यावर नैवेद्याच्या भाताच्या घागरी घेऊन, डफ वाजवत माझ्याच पुढे आल्या.

साक्षीदाराची देवी झाली. मला कुणी विचारलं नव्हतं, पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. माझ्यावरून एकमेकांना एवढी पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणी माझ्या अंगावरून साधा हातही फिरवला नव्हता. तिच्या लिंपणानेच मी पावसात तगलो. आणि त्या लिंपणानेच थराथराने वाढतही गेलो.

या उन्हाळ्यात लवादाने दोघांना मिळून मोजायला पाठवलं. टेप लावली तर मी जुन्या आकड्यापेक्षा हातभर उंच.

"डोक्यावर माती चढवलीस, जंगय्या," विद्यासागर म्हणाले.

"चढवली असेल तर या मैसम्मानं माझे डोळे न्यावेत."

लच्छव्वा पाण्याची कळशी घेऊन तिथेच उभी होती. ती म्हणाली, "त्यानं नाही चढवली, साहेब. मी चढवली. दर वर्षी लिंपते."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"तळ्याला आई नको? तुम्ही दोघं येता ते भांडायलाच."

आता लिंपण उतरवायचं कोणी? मजूर मागे सरकले. एकमेकांना चोर म्हणणारे दोघंही चपला हातात घेऊन लांबच उभे राहिले. लच्छव्वालाही धीर होईना. जिला लेकरासारखं न्हाऊमाखू घातलं, तिला आपल्याच हाताने खरवडायचं. ती माझ्या पायाशी बसली. मग उठली आणि सणाच्या शेवटी आईला निरोप देतात तसे तिने हात जोडले.

"आई, काम बघायला आली होतीस. झालं काम. आता बांधावर जाऊन बस, इथे पाणी येणार आहे."

कुंकवाच्या मातीचा एक गोळा तिने पदरात घेतला, बांधावर नेऊन ठेवला, आणि परत येऊन विळ्याने मला खरवडू लागली. रडत होती, पण हात थांबला नाही. खाली वाळलेल्या हरळीची मुळं निघाली. ते माझं खरं डोकं.

मजुरांनी पायथ्याशी साचलेला गाळ काढला. टेपचं एक टोक विद्यासागरांनी धरलं, दुसरं जंगय्याने. आकडा दोघांच्या म्हणण्याच्या मधलाच निघाला: जंगय्या सांगत होता तेवढा उंचवटा नव्हता, आणि विद्यासागरांनी तेव्हा गाळावरूनच माप घेतल्याने त्यांचा आकडा कमी आला होता.

"हे पहिल्या दिवशी केलं असतं तर?" जंगय्या म्हणाला.

"पहिल्या दिवशी तू हार आणायला गेला होतास."

"आणि तुम्ही मान पुढे केली होतीत."

दोघंही हसले नाहीत. पण सह्या तिथेच झाल्या, माझ्या सावलीत.

आज कालव्यावरची पोती काढली. पाणी माझ्या पायाशी आलंय आणि पाय सुटू लागलेत. मला दुःख नाही. एवढंच सांगतो, पुढचं तळं खणाल तेव्हा पहिल्या कुदळीआधी दोघं मिळून जमीन बघा आणि पक्क्या जागी खूण करा. मातीच्या ढिगाऱ्याला साक्षीला उभं करून वर्षानुवर्षं भांडत बसू नका. आम्ही थकतो हो.

बांधावर लच्छव्वा राजलिंगूशी फोनवर बोलतेय. "येताना दोरा आणा. जाळं उंदरांनी कुरतडलंय." बोलता बोलता तिने मैसम्माचा नवा चौथरा लिंपलाय. हातात थोडी माती उरलीय आणि ती माझ्याकडे बघतेय.

राहू दे, लच्छव्वा. यंदा मला लिंपू नकोस.